मोजणीदारानं हद्दीचा दगड हलवू नये

"डिस्कच खराब होती, मग टूल पडणारच ना!"

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. पुण्यातल्या वातानुकूलित खोल्यांत ऐकलंय, जिल्ह्याच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ऐकलंय, आणि ज्यांना मी मनातून गुरू मानतो अशा लोकांच्या तोंडूनही ऐकलंय. म्हणणारा असं काही सहज म्हणतो, की पाऊस पडला, रस्ता ओला झाला, त्यात काय विशेष? मला मात्र दर वेळी डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. कारण हे टूल होतंच मुळी खराब डिस्क बघण्यासाठी! चांगल्या डिस्कवर चालणारी टूलं काय, शंभर आहेत. आजारी माणूस आला म्हणून डॉक्टरच चक्कर येऊन पडला, तर "पेशंटच आजारी होता हो" असं कंपाउंडर सांगतो का?

तर मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण ज्यांच्या घरात एक तरी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह आहे (म्हणजे आपण सगळेच) त्यांच्याशी त्याचा संबंध आहे. तेव्हा लगेच पान बंद करू नका. मी शक्य तितकं आमच्या बोरीच्या भाषेत सांगतो. बोरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं. पुण्याजवळची, मुंबईतली, आणखी कुठकुठली बोरी वेगळी.

आधी मेटाडेटा म्हणजे काय ते. शेत वेगळं आणि शेताचा सातबारा वेगळा, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. शेत जागच्या जागी असतं, त्यात तूर उभी असते. पण ते कुणाचं, किती, कुठून कुठपर्यंत, हे तलाठ्याच्या दप्तरात. दप्तर फाटलं म्हणून तूर वाळत नाही. पण शेत कुठलं हेच सांगता येत नाही, आणि भावकी कोर्टात जाते. डिस्कवरही अगदी हेच. तुमचे फोटो, पत्रं, हिशेब ही जमीन. कुठली फाइल कुठल्या ठोकळ्यात आहे, तिचं नाव काय, आकार किती, कधी बदलली, ही सगळी नोंद म्हणजे मेटाडेटा. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइलसिस्टिममध्ये या दप्तराचं पहिलं पान म्हणजे सुपरब्लॉक. तो डिस्कच्या विभागाच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून बसलेला असतो. त्यानंतर गटांची वर्णनं, कुठले ठोकळे वापरात आणि कुठले मोकळे ते सांगणारे बिटमॅप, आणि प्रत्येक फाइलचा एक आयनोड.

हे दप्तर उघडून नुसतं बघायचं एक हत्यार आहे, डीबगएफएस. (कर्नलमध्ये याच नावाचं आणखी एक प्रकरण आहे, ते वेगळं.) ई२एफएसप्रॉग्ज नावाच्या संचात ते येतं, थिओडोर त्सो यांनी लिहिलेलं. जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर ते असतं आणि जवळजवळ कुणालाच ते माहीत नसतं. आयनोड दाखव, डिरेक्टरी दाखव, फाइल बाहेर काढून दे, अशी कामं ते करतं. दुरुस्ती करणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. दुरुस्तीला ई२एफएसचेक आहे. एक मोजणीदार, दुसरा गवंडी म्हणा.

आता मोजणीदाराकडे फाटका सातबारा आला आणि त्यावर क्षेत्र लिहिलंय चारशे एकोणतीस कोटी एकर. त्यानं काय करावं? शहाणा असेल तर म्हणेल, अरे, अख्ख्या तालुक्यातही एवढी जमीन नाही, हा आकडा चुकलाय, पुढचं बघू. वेडा असेल तर साखळी खांद्यावर टाकून चालायला लागेल. आपली बरीच टूलं या दुसऱ्या जातीची आहेत.

गंमत नाही सांगत. सुपरब्लॉकमध्ये ठोकळ्याचा आकार थेट लिहिलेला नसतो. १०२४ ला किती वेळा दुप्पट करायचं तेवढा आकडा असतो. शून्य म्हणजे १०२४, एक म्हणजे २०४८, दोन म्हणजे ४०९६. ही जागा ३२ बिटांची. ती खराब झाली तर तिथे ४,२९,४९,६७,२९५ सुद्धा वाचायला मिळू शकतं. १०२४ ची एवढ्या वेळा दुप्पट करायला गेलेल्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमचं काय होईल हे खुद्द भाषेचे नियमही सांगत नाहीत. दुसरी जागा, एका गटात आयनोड किती. तिथे शून्य आलं आणि टूलनं त्यानं भागलं, की खेळ खलास. तिसरी, डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीत "पुढची नोंद इथून किती बाइटांवर" असा आकडा असतो. तो शून्य झाला की टूल त्याच नोंदीवर गोल गोल फिरत बसतं, घाण्याच्या बैलासारखं. कोण म्हणणार थांब?

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की या तिन्ही तपासण्या आजच्या ई२एफएसप्रॉग्जमध्ये आहेत. पण त्या सगळ्या पहिल्या दिवसापासून नव्हत्या, आणि त्यांची भावंडं वर्षानुवर्षं सापडत राहिली. २००७ साली या संचाच्या मूळ लायब्ररीत आकडे ओसंडून वाहण्याचे दोष निघाले (सीव्हीई-२००७-५४९७). मुद्दाम बिघडवलेली फाइलसिस्टिम उघडली, की उघडणाऱ्याच्या यंत्रावर हवा तो कोड चालवता येईल असे. २०१५ मध्ये गटांच्या वर्णनातल्या वेड्यावाकड्या आकड्यांमुळे मेमरीच्या बाहेर लिहिलं जाण्याचा दोष निघाला (सीव्हीई-२०१५-०२४७). तो बुजवला, तर बुजवणं अर्धवट निघालं आणि त्याच वर्षी दुसरा क्रमांक काढावा लागला, सीव्हीई-२०१५-१५७२. २०१९ मध्ये सिस्कोच्या टॅलॉस गटानं ई२एफएसचेकमध्येच दोन शोधले, एक कोटाच्या नोंदींत, एक डिरेक्टरी नव्याने रचण्याच्या भागात. २०२२ मध्ये आणखी एक, सीव्हीई-२०२२-१३०४.

ही यादी मी कुणाची उणीदुणी काढायला दिलेली नाही. त्सो आणि मंडळींचे माझ्यावर (आणि तुमच्यावरही, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही बहुधा एक्स्ट४ किंवा तिची कुणी बहीण नांदते) डोंगराएवढे उपकार आहेत. यादी एवढ्यासाठी, की ज्या टूलामागे इतकी अनुभवी माणसं उभी आहेत त्याची ही कथा, तर "आम्ही घरच्या घरी एक व्ह्यूअर लिहिलाय" म्हणणाऱ्यांची काय असेल?

आणि हे शोधायला काही दिव्यदृष्टी लागत नाही हो. २०१६ मध्ये ओरॅकलच्या वेगार्ड नोसुम आणि क्वेंटिन कासास्नोव्हास या दोघांनी लिनक्स कर्नलमधल्या फाइलसिस्टिमांना एएफएल नावाच्या फझरखाली धरलं. फझर म्हणजे चांगल्या डिस्कच्या प्रतीत इथेतिथे बाइट बिघडवून "आता उघड, आता उघड" करत राहणारं यंत्र. पहिला दोष सापडायला एक्स्ट४ मध्ये दोन तास लागले, बीटीआरएफएसमध्ये पाच सेकंद. पाच सेकंद! आमच्याकडे बोअरचं बटण दाबल्यावर पाणी यायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, टूल पडलं तर पडलं. पुन्हा चालू करू. एवढा आकांडतांडव कशाला?

मुद्दा नेमका इथे आहे. बघायचं हत्यार पडलं की माणूस गप्प बसत नाही, तो दुरुस्तीच्या हत्याराकडे धावतो. आणि न बघता दुरुस्ती करतो.

आमच्याकडे वीज ही पाहुणी आहे. दोन हजारच्या दशकातलं भारनियमन ज्यांनी अंगावर काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा निदान वेळापत्रक असायचं, कुठली वेळ अंधाराची ते माहीत असायचं. आता वेळापत्रक नाही. डीपी जळते, वारं सुटलं की तार तुटते, आणि इन्व्हर्टरची बॅटरी नेमकी त्याच आठवड्यात बसते. गावातल्या एका फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडे दोन डिस्कांची एक छोटी पेटी आहे, नेटवर्कवर जोडायची. आत लिनक्स, त्यावर एक्स्ट४. पंचक्रोशीतली लग्नं, साखरपुडे, निवृत्तीचे सत्कार, आणि आता हयात नसलेल्या माणसांचे शेवटचे फोटो, सगळं त्या पेटीत. एका उन्हाळ्यात चार-पाच वेळा लागोपाठ वीज गेली आणि पेटी उघडेना. तो ती घेऊन मोठ्या शहरातल्या एका डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानात गेला. (नाव विचारू नका, सांगणार नाही. आणि अशी दुकानं काही एकटीदुकटी नाहीत.)

तिथे काय झालं ते नंतर तिथल्याच पोरानं निरागसपणे सांगितलं. "आधी बघायला एक टूल लावलं, ते लगेच बंद पडलं. दुसरं लावलं, ते अडकूनच बसलं. मग म्हटलं, सरळ रिपेअर मारू." रिपेअर म्हणजे ई२एफएसचेक, आणि तेही "सगळ्या प्रश्नांना हो" हा पर्याय देऊन. मूळ डिस्कवर. प्रत न काढता. डिस्कचे काही भाग वाचले जात नव्हते, तरीही. ई२एफएसचेक बिचारं आज्ञाधारक. ही नोंद जुळत नाही, काढू का? हो. ही डिरेक्टरी मोडली आहे, साफ करू का? हो. हा आयनोड अनाथ आहे, लॉस्ट अँड फाउंडमध्ये टाकू का? हो, हो, हो.

लहानपणी उंटावरच्या शहाण्याची गोष्ट ऐकली असेल. वासराचं डोकं रांजणात अडकतं. शहाणा उंटावरून उतरायला तयार नाही, म्हणून आधी त्याला आत घ्यायला वाड्याची भिंत पाडतात. मग तो सांगतो, वासराची मान कापा. आणि मग रांजणातलं डोकं काढायला रांजण फोडा. गोष्टीत सगळे हसतात. इथे मित्राच्या पेटीत हजारो फाइली उरल्या, प्रत्येकीचं नाव म्हणजे एक चौकडीचं चिन्ह आणि पुढे आयनोडचा आकडा. कुणाचं लग्न, कुठल्या गावचं, काही पत्ता नाही. फोटोंच्या पोटात कॅमेऱ्यानं लिहिलेल्या तारखा होत्या म्हणून त्यावरून आम्ही पुष्कळसे लावले. ज्यांच्या आत तारखा नव्हत्या, जुन्या अल्बमांवरून स्कॅन केलेले, ते अजून तसेच पडून आहेत. त्यातल्या एका म्हातारीचा फोटो तिचा नातू अधूनमधून मागायला येतो. फोटो आहे. कुठला, ते सांगता येत नाही.

मी त्या पोराला दोष देत नाही. त्याच्या हातात दिवा दिला असता तर त्यानं आधी बघितलं असतं. दिवा फुटला म्हणून त्यानं अंधारात कुऱ्हाड चालवली. चांगला दिवा काय करू शकला असता? याच डीबगएफएसमध्ये एक पर्याय आहे, त्याला मूळ माहितीपुस्तिकेत सर्वनाशी प्रकार म्हणावं असंच नाव आहे. तो दिला की टूल सुरुवातीला बिटमॅप वाचतच नाही. म्हणजे दप्तरातली काही पानं वाळवीनं खाल्ली असली तरी उरलेली दाखवतं. आणि तो दिला की डिस्कवर लिहिणं सक्तीनं बंद! मला हे फार आवडतं. लिहिणाऱ्यानं विचार केलाय, की परिस्थिती जितकी वाईट तितके हात बांधलेले बरे. पहिला सुपरब्लॉक गेला असेल तर गट क्रमांक एकमधली त्याची प्रत दाखवायलाही सांगता येतं. ४०९६ बाइटांचे ठोकळे असतील तर ती साधारणपणे ३२७६८ व्या ठोकळ्यात असते. फक्त आधी डिस्कची प्रत काढायची, डीडीरेस्क्यूसारख्या साधनानं, आणि जे करायचं ते प्रतीवर. मित्राची पेटी आधी कुणी अशी बघितली असती तर आयनोड आणि नावं यांची निदान यादी तरी हाती लागली असती.

पडणं हा एक गुन्हा झाला. दुसरा त्याहून वाईट, तो म्हणजे ठणकावून खोटं सांगणं. आयनोड शून्यांनी भरलेला असेल तर कितीतरी टूलं फाइलची तारीख दाखवतात, १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. संगणकाचं घड्याळ तिथून मोजायला लागतं आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून ही पहाट. जाणकार हसून सोडून देतो. पण अहवालात ती तारीख छापली गेली, की वाचणारा तिला तारीखच समजणार. टूलनं तिथे म्हणायला हवं होतं, "ही जागा रिकामी आहे, तारीख सांगता येत नाही."

वेळेला काय किंमत असते ते विचारायला आम्हाला लांब जावं लागत नाही. जालना हा आमचा शेजारचा जिल्हा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल २९६ मतांनी लागला, आणि पुढे वाद गेला तो उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, यावर. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं कॅमेऱ्यांचं चित्रण. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात अपील फेटाळलं. राजकारण सोडून द्या, त्यात मला रस नाही. पण त्याच निकालानं सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहे, आणि आता त्याच्या नमुन्यात हॅशचा आकडाही लिहावा लागतो. डिस्कवरचा एक बिट बदलला तरी हॅश बदलतो.

आता या चौकटीत टूल ठेवून बघा. कुणी डिस्क "नुसती बघायला" लावली. साध्या पद्धतीनं जोडली तर कितव्यांदा आणि कधी जोडली हे सुपरब्लॉकमध्ये लिहिलं जातं. झाला हॅश वेगळा. बरं, "फक्त वाचण्यासाठी" म्हणून जोडली तर? इथे भल्याभल्यांची फसगत होते. एक्स्ट३ किंवा एक्स्ट४ चं जर्नल अर्धवट राहिलेलं असेल तर "फक्त वाचण्यासाठी" जोडतानाही कर्नल ते जर्नल डिस्कवर उतरवून टाकतो. म्हणजे लिहितो! ते थांबवायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे हद्द मोजायला आलेला माणूस म्हणतो, "मी फक्त बघतोय", आणि बघता बघता दगड दोन हात सरकवतो. डीबगएफएस या बाबतीत सरळ आहे. मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ते लिहीत नाही. टूल लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा गुण उचलावा.

तिसरा गुन्हा विश्वासाचा. २००७ मध्ये आयसेक पार्टनर्स या संस्थेच्या लोकांनी ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं, की एनकेस आणि स्लूथ किट ही तपासाची मातब्बर साधनंच बिघडवलेल्या डिस्कपुढे अडखळतात. २०२२ च्या एका क्रमांकाखाली (सीव्हीई-२०२२-४५१०) नोंदलेली बिनवॉकची कथा तर बोलकी आहे. बिनवॉक हे उपकरणांतल्या सॉफ्टवेअरच्या प्रती उलगडून बघायचं साधन. एका फाइलसिस्टिमची प्रत उलगडताना तिच्यातल्या फाइलींच्या नावांवर ते विश्वास ठेवायचं. नावात "एक पायरी वर, एक पायरी वर" असं लिहिलं, की फाइल ठरलेल्या फोल्डरबाहेर, बघणाऱ्याच्या घरात जाऊन पडायची, आणि पुढे बिनवॉक तीच चालवायचं. पंचनामा करायला गेलेल्याच्याच घरी चोरी!

यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत. एकेक घेतो.

"हे टूल तज्ज्ञांसाठी आहे." बरोबर. आणि तज्ज्ञ ते कधी वापरतो? रात्री दोनला, सर्व्हर पडलेला असताना, साहेब फोनवर असताना. त्या वेळी तज्ज्ञ आणि नवखा यांत फार फरक उरत नाही. शिवाय तज्ज्ञ ते रूट म्हणून चालवतो, म्हणजे टूल फसलं तर अख्खं यंत्र फसलं.

"आता चेकसम आहेत की!" आहेत. २०१२ च्या लिनक्स ३.५ पासून एक्स्ट४ च्या मेटाडेटावर सीआरसी३२सी चेकसम ठेवता येतो. छान सोय आहे. पण चेकसम अपघात पकडतो, लबाडी नाही. आकडा बदलणारा चेकसमही नव्याने मोजून लिहितो, त्याला कसली गुप्त किल्ली लागत नाही. आणि खरोखर अपघात झालेल्या डिस्कवर चेकसम जुळत नाही तेव्हाच तर मला आत बघायचं असतं! तिथे टूलनं "जुळत नाही, जा घरी" म्हणून दार लावलं तर उपयोग काय? दाखव, पण प्रत्येक ओळीपुढे लिही की हे जुळत नाही.

"तपासण्या टाकल्या की टूल मंदावतं." डिस्कवरून एक ठोकळा आणायला जो वेळ लागतो त्यापुढे दोन आकड्यांची तुलना म्हणजे उंटाच्या पाठीवरची माशी.

"आम्ही फुकट काम करतो." हे एकच उत्तर मला गप्प करतं, आणि म्हणून माझा राग लिहिणाऱ्यांपेक्षा या टुलांवर धंदा करणाऱ्यांवर जास्त आहे. डेटा परत मिळवण्याचे हजारो रुपये घेणाऱ्यांनी एक रात्र यंत्र फझरला देऊन निघालेले दोष मूळ लेखकांना कळवले तर त्यांचं काय जाईल?

आणि तपासणी करायची म्हणजे नेमकी कशी, यातही एक मेख आहे. एक्स्ट४ च्या आयनोडमध्ये फाइल कुठे आहे ते सांगायला ६० बाइट असतात. त्यात १२ बाइटांचं शीर्षक आणि प्रत्येकी १२ बाइटांच्या चार नोंदी मावतात. शीर्षकात दोन आकडे, "नोंदी किती आहेत" आणि "जास्तीत जास्त किती मावतात". बरेच जण पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा नाही ना एवढं बघून खूश होतात. अहो, पण दोन्ही आकडे त्याच मोडक्या डिस्कवरून आले आहेत! एकात ४००० आणि दुसऱ्यात ५००० असेल तर? मर्यादा टूलनं स्वतः मोजायला हवी, साठातून बारा गेले, उरले अठ्ठेचाळीस, भागिले बारा, चार. आरोपीचा साक्षीदार आरोपीच्या घरातून आणायचा नसतो. तसंच झाडाच्या खोलीचं. कर्नल पाचाच्या पुढे जाऊ देत नाही, टूलनंही जाऊ नये, डिस्क काहीही म्हणो.

तेव्हा माझं मागणं फार मोठं नाही. बघायच्या टुलानं लिहू नये, आणि लिहायचंच असेल तर मालकाला वेगळं विचारावं. डिस्कवरच्या कुठल्याही आकड्यावर, तो स्वतः पडताळल्याशिवाय, मेमरी मागू नये, फेऱ्या मारू नयेत, भागाकार करू नये. एक नोंद मोडली तर ती मोडली म्हणून सांगावं आणि पुढच्या नोंदीवर जावं, अख्खं दुकान बंद करू नये. कळत नसेल तिथे "कळत नाही" लिहावं, १९७० ची पहाट दाखवू नये. जर्नल बाकी असेल तर "मी दाखवतोय ते शेवटचं चित्र नसेल" हेही सांगावं. फाइलींची नावं ही परक्याची अक्षरं आहेत, त्यांना पडद्यावर किंवा स्वतःच्या फोल्डरांत मोकाट सोडू नये. आणि पुरावा म्हणून जाणाऱ्या डिस्कवर हे सगळं दुप्पट कडक.

तुम्ही टूल लिहिणारे नसाल तर तुमच्यापुरतं एवढंच. पेटी उघडत नसेल तर दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, "आधी प्रत काढणार का?" तो हसला किंवा "काय गरज?" म्हणाला, तर पेटी उचला आणि बाहेर पडा. एस.टी.चं भाडं गेलं तर जाऊ द्या.